घोटीत लाकडी डेकचं काम: दर सांगण्याआधी हे गणित करा

व्हिडिओत आकडे पटापट जातात, म्हणून डेकचं गणित इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

डेक म्हणजे काय? बागेत, जमिनीपासून फूट-दीड फूट वर, फळ्यांचा बसायला केलेला ओटा. गावातली मंडळी विचारतील, अंगण असताना फळ्या कशाला? बरोबर आहे. पण तुमचं गिऱ्हाईक ती मंडळी नाहीत. घोटीच्या आसपास, वैतरणा, भावली, दारणा धरणांच्या बाजूला मुंबई-नाशिकच्या लोकांनी शनिवार-रविवारची घरं बांधली आहेत. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही सुरू झाला. या लोकांना डेक हवा असतो, आणि तो करायला माणूस मुंबईहून आणावा लागला तर त्यांनाच महाग पडतं. तिथे तुमची जागा आहे.

आता खरी अडचण. इगतपुरी तालुक्याचा पाऊस. पुण्याच्या मापाने बनवलेला डेक इथे टिकत नाही. आणि हा मालक पावसाळ्यात फारसा येत नाही, तो दिवाळीच्या सुमारास येतो आणि फुगलेल्या फळ्या बघून तुम्हालाच फोन करतो. म्हणून चार गोष्टींत काटकसर करू नका.

लाकूड सागवानच घ्या, पण वखारीत उभं राहून निवडा. कडेचा पांढुरका भाग लवकर कुजतो, वाळवीही त्यालाच आधी धरते. आतला तपकिरी गाभा टिकतो. लाकूड वाळलेलं हवं आणि बिल पक्कं हवं, कारण सागाच्या वाहतुकीला वनखात्याचे नियम आहेत. खालची फ्रेम जीआय बॉक्स पाइपची करा, जमिनीलगत लाकूड नकोच. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साधा लोखंडी स्क्रू गंजतो आणि त्याच्याभोवती सागावर काळा डाग पडतो, तो नंतर घासूनही नीट जात नाही. आणि वरून चकचकीत वार्निश मारू नका. त्याचा थर उन्हापावसात सुटतो. लाकडात मुरणारं तेल लावा.

माप घेऊ. डेक 12 फूट × 10 फूट, म्हणजे 120 चौरस फूट. फळी 4 इंच रुंद, 1 इंच जाड, 12 फूट लांब. दोन फळ्यांत पाव इंच फट ठेवायची, कारण लाकूड पावसात रुंदीला फुगतं आणि पाणीही खाली गेलं पाहिजे. अशा 28 फळ्या बसतात. एक फळी एक तृतीयांश घनफूट, म्हणजे 28 ची सव्वानऊ घनफुटांच्या थोडं वर. तूट धरून साडेदहा घ्या. खाली दर 16 इंचांवर एक पाइप, म्हणजे 10 फुटांचे 10 तुकडे, आणि दोन बाजूंना 12 फुटांचे 2. वीस फुटी पाइप 7 लागतात. उरलेल्या तुकड्यांतून पाय निघतात. प्रत्येक फळी प्रत्येक आडव्या पाइपला दोन स्क्रूंनी धरायची. 28 × 10 × 2, झाले 560 स्क्रू! हा आकडा बहुतेक जण धरतच नाहीत, आणि 560 भोकं पाडायला जाणारा वेळही धरत नाहीत.

आता पैसे. दर समजण्यापुरते धरतोय, तुमच्या वखारीचा दर तुम्ही टाका. साग समजा 3,500 रुपये घनफूट, म्हणजे 36,750. फ्रेम आणि वेल्डिंग 18,000. स्क्रू आणि तेल 5,000. पाया आणि डेकखाली खडी 6,000. मजुरी 9,600. टेम्पो 3,000. बेरीज 78,350, म्हणजे चौरस फुटाला साधारण 653.

कोणीतरी 700 ने करून देतो म्हणाला, म्हणून तुम्हीही 700 म्हणालात तर हातात उरतात 5,650. त्यात तुमच्या फेऱ्या, तुमची देखरेख, आणि दिवाळीतला तो फोन. 850 सांगितलेत तर 23,650 उरतात. हा दर ऐकून काही गिऱ्हाइकं जातील. जाऊ द्या.

ॲडव्हान्स निम्मा, आणि तो हातात आल्याशिवाय लाकूड कापायचं नाही. फ्रेम उभी राहिली की 40 टक्के, तेलाचा हात झाला की उरलेले.

जून ते सप्टेंबर बाहेरचं काम जवळजवळ बंद असतं, हे लक्षात ठेवा. म्हणून माझ्या मते या धंद्यातला खरा पैसा देखभालीत आहे. दर वर्षी पाऊस संपला की डेक धुणे, वाळवणे, सैल स्क्रू आवळणे आणि तेल देणे, याचा वार्षिक करार डेक देतानाच करून घ्या. असे वीस डेक झाले की दिवाळीआधीचा महिना भरलेला असतो.

तुम्ही सुतारकाम करत असाल तर पीएम विश्वकर्मा योजना बघा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतार आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत मिळू शकतं. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, त्यामुळे घरात आधी ठरवा अर्ज कोणाच्या नावाने करायचा, मग आधार आणि बँक पासबुक घेऊन जवळच्या सीएससी केंद्रात जा.