शंभरात पस्तीस, आणि त्यापलीकडचे आकडे

टीसीएसमध्ये मार्च २०२३अखेर ६ लाख १४ हजार ७९५ कर्मचारी होते. त्यांत बायकांचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे दोन लाखांहून जास्त जणी. हा आकडा किती मोठा आहे ते देशाची आकडेवारी शेजारी ठेवली की कळतं. केंद्राच्या श्रमबल पाहणीनुसार काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं (१५ वर्षांपुढील) प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ वर गेलं. पण काम करणाऱ्या बायकांपैकी महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार मिळणाऱ्या याच काळात २१ टक्क्यांवरून १५.९ वर आल्या. वाढलेल्या बहुतेक जणी शेतीत किंवा घरच्या धंद्यात आहेत. त्यामुळे मोठ्या कंपनीतली पगाराची नोकरी आजही फार थोड्या बायकांच्या वाट्याला येते, आणि ती टिकते का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

टीसीएसच्या २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली होती. एरवी या कंपनीत नोकरी सोडण्याचं बायकांचं प्रमाण पुरुषांइतकं किंवा त्याहून कमी असे; त्या वर्षी ते पुरुषांपेक्षा जास्त झालं. कोविडकाळात घरून काम करताना काही जणींच्या घरची घडी नव्यानं बसली आणि पुन्हा ऑफिसला यायची वेळ आल्यावर ती मोडता आली नाही, असा कंपनीचा कयास होता. एवढी उलथापालथ होऊनही एकूण टक्केवारी ३५ च्या आसपासच राहिली. खालून फ्रेशर मुलींची भरती होत राहिली की वरून गळती झाली तरी बेरीज सावरते. म्हणूनच ‘आमच्याकडे इतके टक्के महिला’ या एका ओळीवर माझा विश्वास नाही.

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना ‘बीआरएसआर’ हा व्यावसायिक जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात नोकरी सोडण्याचं प्रमाण स्त्री-पुरुषांचं वेगवेगळं द्यावं लागतं. बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी परत आल्या आणि आल्यावर वर्षभरानं किती टिकल्या, हेही. पुढे एकूण वेतनखर्चात बायकांचा वाटा किती, ही ओळ आली. ही ओळ फार बोलकी आहे. समजा १०० कर्मचाऱ्यांत ३५ बायका आहेत आणि वेतनखर्चात त्यांचा वाटा २८ टक्के आहे. मग एका बाईचा सरासरी पगार पुरुषाच्या सरासरीच्या ७२ टक्के भरतो. याचा अर्थ समान कामाला कमी पगार असाच होतो असं नाही. बायका खालच्या ग्रेडमध्ये अडकल्यात, असाही होऊ शकतो. कुठंतरी तफावत आहे, हे मात्र नक्की.

प्रसूतिरजेच्या कायद्यातही एक अडचण दडलेली आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं भरपगारी प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर बंधनकारक झालं. आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊन येण्याची मुभा आहे. हे सगळं हवंच होतं. पण कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरच्या नोकऱ्यांत या रजेचा पगार संपूर्णपणे मालकाच्या खिशातून जातो, आणि खासगी क्षेत्रात बापाला भरपगारी रजेचा हक्क देणारा केंद्रीय कायदा नाही. त्यामुळे भरतीच्या वेळी मालकाच्या हिशेबात मुलीचाच खर्च दिसतो. तो खर्च शासनानं वाटून घ्यावा आणि बापालाही रजा द्यावी, असं मला ठामपणे वाटतं.

जातीबद्दल मात्र ‘बीआरएसआर’मध्ये रकानाच नाही. दिव्यांग कर्मचारी मोजावे लागतात, दलित-आदिवासी मोजावे लागत नाहीत. संशोधक सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५-०६ मध्ये ५४८ नोकरीच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त आडनावं-नावं वेगळी. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता ०.६७ पट निघाली, मुस्लिम नावाला ०.३३ पट. दुसऱ्या टोकाला, २०१० सालच्या १,००० मोठ्या कंपन्यांच्या ९,०५२ संचालकांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला: उच्चवर्णीय ९२.६ टक्के, ओबीसी ३.८, अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५. याच जाती-जमातींचा २०११ च्या जनगणनेतला वाटा २५ टक्क्यांहून अधिक आहे.

जात विचारली तर तेढ वाढेल, असं कंपन्या म्हणतात. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात माणसं मरत असतानाच १९८९ मध्ये नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. तिथं दहापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला कोणत्या समाजाचे किती लोक कामावर आहेत, याची दरवर्षी नोंद द्यावी लागते. आपल्याकडे निदान पहिल्या १,००० कंपन्यांनी कुणाचंही नाव उघड न करता हा एक रकाना भरायला सुरुवात करावी. सेबीनं तो पुढच्या नमुन्यात घालावा.