परसातील जखमी कोंबडीवर उपचार
मुंगसाच्या किंवा कुत्र्याच्या हल्ल्यात कोंबडीची कातडी फाटली, तर तिला लगेच वेगळ्या, उबदार, अंधाऱ्या खुराड्यात ठेवावे, कारण रक्त दिसताच इतर कोंबड्या त्याच जागी टोचू लागतात. स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवल्यावर, उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवून, म्हणजे सलाइनइतक्या खारट पाण्याने, जखम भरपूर धुवावी. हे धुणे कोणत्याही मलमापेक्षा महत्त्वाचे आहे. फुफ्फुसांना जोडलेल्या पातळ वायुकोशांपर्यंत दात पोहोचले असतील, तर श्वासाबरोबर जखमेतून बुडबुडे येतात. अशी जखम न धुता पशुवैद्यकाकडे धाव घ्यावी. माश्या जखमेत अंडी घालतात, म्हणून खुराड्याला बारीक जाळी लावावी. प्रतिजैविके दिल्यास पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत तिची अंडी खाऊ नयेत.