'मार': ध्वनी एक, कुळे अनेक

पालि साहित्यात 'मार' म्हणजे साधकाला मार्गावरून ढळविणारा. हाच ध्वनी इतर भाषांतही आढळतो. मराठीत 'मार' म्हणजे ताडन, फारसीत साप. आमच्या गोडदेवहून खाडीपलीकडे असलेल्या वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यांच्या भाषेत 'मार' म्हणजे समुद्र. सुरियानी भाषेत 'मार' म्हणजे प्रभू. केरळातील सिरियन ख्रिस्ती बिशपांच्या नावांआधी तो आजही लागतो.

हे सर्व शब्द एकाच मुळाचे काय? नाही. पालि व मराठी 'मार' हे 'मृ', म्हणजे मरणे, या धातूचे. पोर्तुगीज 'मार' लॅटिन 'मारे'पासून आला, तर सुरियानी ही सेमिटिक कुळातील भाषा. उलट, पोर्तुगीजांचा मृत्युवाचक 'मोर्ते' कानाला वेगळा वाटला तरी आपल्या 'मरणा'चा खरा आप्त आहे. केवळ ध्वनिसाम्याने नाते सिद्ध होत नाही.

हा विवेक धम्माच्या अभ्यासकास आवश्यक आहे. शब्दाचा अर्थ निसटला की मार हा दैत्य ठरतो आणि अंधश्रद्धेस वाट मिळते. सुत्तनिपातातील पधानसुत्तात माराच्या सेना सांगितल्या आहेत त्या कामवासना, तृष्णा, आळस, भय, शंका अशा. १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही माराची संतती म्हणजे दुष्ट विचार व विकार, असेच स्पष्ट केले. ऐकीव गोष्ट पारखूनच स्वीकारावी, ही कालामसुत्ताची शिकवण शब्दांनाही लागू आहे.