नत्र परत हवेत

आयोवा म्हणजे अमेरिकेचं मक्याचं कोठार. तिथल्या काळ्याभोर जमिनीत एकेकाळी ठायी ठायी दलदल होती. शेतकऱ्यांनी तीन-चार फूट खोल भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या, पाणी ओढ्यात काढून दिलं आणि मका लावला. (सांगली-कोल्हापूरकडे चिबड जमिनीत सच्छिद्र पाइप टाकतात, तीच युक्ती.) पाण्याबरोबर खतातलं नत्रही वाहू लागलं. नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवरही बहुतांशी ऋण भार. मग माती त्याला धरून कशी ठेवणार? ते ओढ्यातून नदीत आणि मिसिसिपीमार्गे थेट मेक्सिकोच्या आखातात जातं.

१९९० साली बेअर क्रीक या ओढ्याच्या काठी आयोवा स्टेट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी गवत, झुडपं, झाडं लावायला सुरुवात केली. शेतातून वाहून येणारा गाळ या झाडोऱ्यानं अडवला. पुरलेल्या नळ्यांतलं पाणी मात्र या सगळ्या हिरवाईच्या खालून बिनबोभाट ओढ्यात पडतच राहिलं!

२०१० मध्ये तिथंच एक उपाय झाला, आणि तो इतका साधा की आधी कसा सुचला नाही याचं नवल वाटतं. नळी ओढ्याला मिळण्याआधी एक पेटी बसवली आणि तिच्यातून काठाला समांतर सच्छिद्र पाइप टाकला. आता पाणी काठाच्या मातीत पसरतं, मुळांमधून झिरपतं. खरी करामत इथं घडते. पाण्यानं भरलेल्या मातीत प्राणवायू संपतो, तेव्हा काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात. खाद्य म्हणून त्यांना कुजक्या मुळांमधला कर्ब पुरतो. मागे उरतो नायट्रोजन वायू, आपल्या हवेत ७८ टक्के असतो तोच. खताच्या कारखान्यात प्रचंड दाब आणि चारेकशे अंश तापमान वापरून हवेतून ओढलेलं नत्र हे जिवाणू विजेविना, पंपाविना हवेला परत करतात. कधी क्रिया अर्धवट राहते आणि नायट्रस ऑक्साइड सुटतो, हेही खरं. मोठ्या पावसात जादा पाणी पेटीवरून सरळ ओढ्यातच जातं. जाऊ द्यावंच लागतं, नाहीतर वरचं शेत पुन्हा चिबडायचं.

अडचण पैशाची आहे. ओढ्याकाठच्या या पट्ट्यामुळे शेतकऱ्याचं गेलेलं खत परत मिळत नाही. फायदा होतो तो खालच्या शहरांना आणि समुद्राला. म्हणून २०२१ मध्ये आयोवातल्याच पोल्क काउंटीत असे पट्टे आणि त्याच कामासाठीचे लाकडाच्या ढलप्यांचे खड्डे मिळून पन्नासेक कामं एकाच दमात झाली, तीही सार्वजनिक खर्चानं. शेतकऱ्याला फक्त जागा द्यायची होती.