छपराच्या दरात माणसाच्या विम्याचा खर्च हवा

भिगवणहून बारामतीकडे किंवा बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या प्रवाशाच्या नजरेला गेल्या काही दशकांतील एक बदल सहज जाणवतो. धाब्याची आणि कौलारू घरे मागे पडली आणि सर्वत्र पत्र्याची छपरे पसरली. गाईंचे मुक्त गोठे, कोंबड्यांच्या लांबलचक शेडी, मंगल कार्यालये, बारामती आणि लोणी देवकर येथील औद्योगिक वसाहतींतील कारखाने, साखर कारखान्यांची गोदामे या सर्वांवर पन्हळी किंवा रंगीत पत्रा चढलेला आहे. उसाबरोबर दूध, कुक्कुटपालन आणि लहानमोठे उद्योग यांनी या दोन तालुक्यांत जी संपत्ती निर्माण केली, ती याच छपरांखाली नांदते. ही छपरे चढविणारा ठेकेदार आणि त्याची चार-सहा माणसांची टोळी मात्र या संपत्तीच्या हिशेबात कोठेच आढळत नाही.

हे काम धोक्याचे आहे, हे सांगावयास तज्ज्ञाची गरज नाही. कैचीवरून तोल जातो. जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली अकस्मात फुटतो. लोखंडी नळी वर चढविताना विजेच्या तारेला लागते. त्यात वळवाचे दिवस म्हणजे या धंद्याच्या ऐन हंगामाचे दिवस. पाऊस तोंडावर आलेला असतो, मालकाला घाई असते आणि वारा कोणाची वाट पाहत नाही. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान उजनीच्या जलाशयात सोसाट्याच्या वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. जो वारा भरली बोट उलटवितो, तो बारा फुटी पत्रा हातात धरून उंचावर उभ्या असलेल्या माणसाला पूर्वसूचना देईल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

प्रश्न असा की, असा माणूस पडला तर त्याची किंमत कोण मोजतो? कायद्याचे उत्तर जुने आणि स्पष्ट आहे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. कामाच्या ओघात, कामामुळे अपघात घडला तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळावी, हे त्याचे मूलतत्त्व. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला; परंतु हे तत्त्व आणि मृत्यूच्या भरपाईचे सूत्र कायम राहिले. मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस मृताच्या वयानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणावयाचे, असे हे सूत्र आहे. जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये होती. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८. म्हणजे साडेसात हजारांना त्याने गुणले असता १५,५९,८५० रुपये होतात. हे दायित्व ठेकेदाराचे आहे. त्याचे वेल्डिंग यंत्र, टेंपो आणि राहते घर विकूनही ही रक्कम उभी राहीलच असे नाही.

विम्याचे प्रयोजन नेमके येथेच आहे. कामगार नुकसानभरपाईच्या विम्याचा हप्ता वर्षभरात द्यावयाच्या एकूण मजुरीवर शेकडा दराने आकारला जातो. कामाचे स्वरूप, उंची आणि पूर्वीच्या अपघातांचा इतिहास पाहून कंपनी हा दर ठरविते. उदाहरणादाखल सहा माणसांची एक टोळी घेऊ. दरमहा १५,००० प्रमाणे वर्षाची मजुरी १०,८०,००० रुपये झाली. शेकडा दोन रुपये दर धरला तर हप्ता २१,६०० आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून खर्च २५,४८८ रुपये येतो. ही टोळी वर्षात पन्नास हजार चौरस फूट पत्रा चढवीत असेल, तर विम्याचा भार चौरस फुटाला सुमारे एक्कावन्न पैसे पडतो. प्रत्यक्ष दर याहून कमी वा अधिक असेल. दर दुप्पट धरला तरी भार रुपयाच्या आसपासच राहतो. ज्या छपरासाठी मालक पोलाद, पत्रा आणि मजुरी मिळून चौरस फुटाला शेकड्यांनी रुपये मोजतो, त्याच्या किमतीत हा रुपया दिसणारही नाही.

असे असूनही लहान ठेकेदार बहुधा विमा उतरवीत नाही. त्याला अज्ञानी किंवा निष्ठुर ठरविणे सोपे आहे. पण ते खरे निदान नव्हे. दोष बाजाराच्या रचनेत आहे. दोन ठेकेदारांपैकी एकाने हप्ता भरला आणि दुसऱ्याने भरला नाही, तर दुसऱ्याचा दर तेवढा कमी येतो आणि काम त्यालाच मिळते. मालकाला दोन्ही छपरे सारखीच दिसतात. एकामागे विमापत्र आहे आणि दुसऱ्यामागे नाही, हे पत्र्यावर लिहिलेले नसते. त्यामुळे जबाबदार माणूस स्पर्धेत हरतो आणि बेफिकिरीला बक्षीस मिळते. वाचलेला तो रुपया नाहीसा मात्र होत नाही. ज्या दिवशी अपघात होतो, त्या दिवशी तो मृताच्या विधवेकडून आणि मुलांकडून एकरकमी वसूल होतो. अर्थशास्त्रात याला खर्च दुसऱ्याच्या माथी मारणे म्हणतात. व्यवहारात त्याला स्वस्त दर म्हणतात.

यावर असे म्हटले जाते की, सरकारी योजना आहेतच. त्या आहेत आणि उपयुक्तही आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला अवघ्या वीस रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेला कामगार कामावर मृत्यू पावल्यास वारसांना पाच लाखांचे साहाय्य देण्याची योजना आहे. परंतु त्या नोंदणीसाठी वर्षात किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. आज या ठेकेदाराकडे तर उद्या दुसऱ्याकडे जाणाऱ्या मजुराला तो मिळविणे सोपे नसते. शिवाय नव्या संहितेच्या व्याख्येतून दहापेक्षा कमी बांधकाम कामगारांची कामे वगळलेली आहेत. पन्नास लाखांपर्यंतचे स्वतःच्या निवासाचे बांधकामही वगळलेले आहे. छपराची टोळी तर सहा माणसांची! कल्याणाची चौकट जेथे संपते, तेथेच तिचे काम सुरू होते. आणि दोन किंवा पाच लाखांचे साहाय्य हे पंधरा लाखांच्या हक्काला पर्याय होऊ शकत नाही, हेही विसरून चालणार नाही.

विमा उतरविणाऱ्यानेही काही गोष्टी डोळसपणे पाहणे आवश्यक आहे. हप्ता वाचविण्यासाठी मजुरी किंवा माणसे कमी दाखविली, तर दाव्याच्या वेळी कंपनी त्याच प्रमाणात हात आखडता घेते. उंचीवरील काम विमापत्रात स्पष्ट नमूद नसेल तर वादाला जागा राहते. औषधोपचाराचा खर्च आणि पोटठेकेदाराची माणसे यांच्यासाठी बहुधा वेगळी तरतूद करावी लागते. भरपाई महिन्याच्या आत न दिल्यास व्याज आणि दंड बसू शकतो. तो दंड विमा कंपनी भरत नाही. घसरलेला पत्रा रस्त्यावरच्या माणसाला लागला, तर त्यासाठी त्रयस्थाच्या हानीचे निराळे विमापत्र लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कामगारांच्या विम्यात ठेकेदार स्वतः येत नाही. कारण तो मालक आहे. या भागातील लहान ठेकेदार आपल्या माणसांबरोबर स्वतः कैचीवर चढतो. त्याने वैयक्तिक अपघात विमा उतरविला नसेल, तर टोळीत सर्वांत उघडा तोच असतो.

मग उपाय काय? केवळ उपदेशाने ठेकेदार विमा उतरविणार नाही. कारण एकट्याने शहाणपण केले तर त्याचेच काम जाते. ज्यांच्या हाती मागणी आहे, त्यांनी ती अट घातली पाहिजे. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, बाजार समित्या, ग्रामपंचायती आणि औद्योगिक वसाहतींतील कारखानदार हे छपरांचे मोठे ग्राहक आहेत. निविदेत विम्याचा खर्च स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा, तो मालकाने द्यावा आणि चालू विमापत्र पाहिल्याशिवाय शिडी लावू देऊ नये, एवढा नियम त्यांनी केला तर स्वस्त दराची शर्यत या एका बाबीपुरती थांबेल. काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याचाच भाग असेल, तर ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मुख्य मालकाकडूनही मागता येते, हे कायद्याचे कलम लक्षात घेता यात त्यांचे हितही आहे.

दुसरी किल्ली बँकांकडे आहे. पोल्ट्रीसाठी किंवा गोठ्यासाठी कर्ज देताना बँका शेडचा आणि जनावरांचा विमा सामान्यतः आवर्जून मागतात, कारण ते त्यांचे तारण असते. त्याच कर्जप्रकरणात शेड उभारणाऱ्या माणसांच्या विम्याचा एक कागद मागणे कठीण नाही. विशेषतः लहान शेतकऱ्याच्या बाबतीत हाच मार्ग व्यवहार्य आहे. कारण छप्पर चढविणे हा त्याच्या धंद्याचा भाग नसल्याने मुख्य मालकाची जबाबदारी त्याच्यावर सहसा येत नाही आणि ठेकेदाराच्या दरापलीकडे तो पाहत नाही. तिसरा मार्ग ठेकेदारांच्या हाती आहे. तालुक्यातील पंचवीस-तीस टोळ्यांनी एकत्र येऊन विमा कंपनीशी बोलणी केली, सुरक्षापट्टा आणि चालण्याच्या फळ्या सक्तीच्या केल्या, तर कंपनीलाही दर कमी करण्यास कारण मिळेल. सहकाराची परंपरा असलेल्या या मुलखाला असे एकत्र येणे शिकवावे लागू नये.

विमा माणूस परत आणीत नाही. पण त्याच्या मागे राहिलेल्यांना सावकाराच्या दारी जाण्यापासून तो वाचवू शकतो. आज या मुलखात छपराखालची गाय, कोंबडी आणि साखरेचे पोते विमा उतरवून सुरक्षित करता येते आणि केलेही जाते. ते छप्पर चढविणाऱ्या माणसाच्या विम्यासाठी चौरस फुटाला एक रुपया मोजण्याची तयारी छपराच्या मालकांनी दाखविणे, ही फार मोठी मागणी म्हणता येणार नाही.