मूडलचे प्लगइन : ‘मंजूर’ म्हणजे नेमके काय?

मूडल ही मार्टिन डुगियामस यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेली मुक्तस्रोत (कोड कुणालाही पाहता-बदलता येईल अशी) ऑनलाइन शिक्षणप्रणाली. पहिली आवृत्ती २००२ची. तिच्यात नसलेली सोय, उदाहरणार्थ हजेरीपट, हवी असेल तर प्लगइन (मूळ प्रणालीला जोडायचा पूरक भाग) बसवतात.

मूडलच्या अधिकृत यादीत दिसणारे प्लगइन मूडलनेच केलेले आणि कायमचे निर्धोक, असा समज सर्रास आढळतो. तो होणे साहजिकही आहे. प्रत्यक्षात बहुतेक प्लगइन बाहेरचे शिक्षक, महाविद्यालये आणि खासगी कंपन्या लिहितात. यादीत येण्यापूर्वी त्यांचे परीक्षण होते: काम करू देण्याआधी वापरकर्त्याचा अधिकार तपासला जातो का, त्याने टंकलेला मजकूर जसाच्या तसा डेटाबेसच्या आज्ञेत घुसत नाही ना, कोणती वैयक्तिक माहिती साठवली जाते हे नोंदवले आहे का. हजार विद्यार्थी एकाच वेळी परीक्षेला बसले तर प्लगइन टिकेल का, हे मात्र यातून कळत नाही.

गाडीचे आरटीओ पासिंग होते, तसेच हे. पासिंग झाले म्हणून पुढे ब्रेक तपासायचे थांबत नाही. पहिल्या मंजुरीनंतरच्या आवृत्त्या लेखक स्वतःच चढवतो. दरवेळी माणूस कोड वाचत नाही.

प्रत्येक प्लगइनमध्ये ‘व्हर्जन’ नावाची छोटी फाइल असते. मूडलची किमान कोणती आवृत्ती लागेल हे तीत लिहिलेले असते. प्लगइन स्थिर आहे की अजून ‘बीटा’त (चाचणीच्या टप्प्यात), हेही बहुधा सापडते. बसवण्याआधी ती उघडून पाहा, आणि प्रयोग आधी चाचणीच्या प्रतीवरच करा.