एक सर्व्हर, चार वाटेकरी

पिंपळवंडी, आळेफाटा, नारायणगाव या पट्ट्यात भावाभावांत जमिनीची वाटणी झाली तरी विहीर बहुधा सामाईक राहते. सातबाऱ्यावर हिस्सा लागतो, पाण्याच्या पाळ्या ठरतात. ज्याची पाळी, त्याच्या टोमॅटोला पाणी. पाळी मोडून कोणी मोटार चालू ठेवली की भांडण ठरलेले. रुग्णालयातल्या सर्व्हरचे दुखणेही याच जातीचे आहे.

एकाच यंत्रावर केसपेपरची नोंदणी, प्रयोगशाळेचे रिपोर्ट, एक्स-रेच्या प्रतिमा आणि औषधांचा साठा चालतो. प्रतिमा अवजड असतात. त्यांनी मेमरी अडवली की तिकडे ओपीडीची खिडकी ठप्प होते. रांगेत पहाटेच्या एसटीने आलेली, उपाशीपोटी साखर तपासायची म्हणून चहाही न घेतलेली आजी उभी असते. प्रत्येक कामाला स्वतंत्र यंत्र घेतले तर खर्च, वीज, देखभाल सगळेच वाढते आणि यंत्रे निम्मा दिवस रिकामी बसतात.

त्यापेक्षा शहाणा उपाय युनिक्सच्या घराण्यात निघाला. १९७९च्या युनिक्समध्ये ‘सीएचरूट’ ही सोय होती. तिच्यामुळे एखाद्या प्रोग्रामला ठरावीक फोल्डर हेच सारे जग वाटते. पण ती भिंत कुडाची होती. नेटवर्क आणि बाकीचे बरेच काही सामाईकच राहिले. २००० साली फ्रीबीएसडीने ‘जेल’ आणले, २००५मध्ये सोलारिस १०ने ‘झोन’. आता प्रत्येक कप्प्याला स्वतःचा नेटवर्क पत्ता, स्वतःचे वापरकर्ते, स्वतःचा प्रशासक मिळाला. प्रयोगशाळेचा प्रशासक आपल्या कप्प्यात राजा, पण औषधभांडारात काय चालले आहे हे त्याला दिसतही नाही. प्रोसेसर आणि मेमरीचा वाटाही बांधून देता येऊ लागला, म्हणजे पाळी ठरली. (‘जेल’ हे नाव मला पटत नाही. आम्ही डॉक्टर त्याला आयसोलेशन वॉर्ड म्हणू.)

मात्र वॉर्डच्या खोल्या वेगळ्या असल्या तरी ऑक्सिजनची नळी एकच असते. तसा या सर्व कप्प्यांचा गाभा, म्हणजे कर्नल, एकच असतो. त्यातच खोट निघाली तर सगळे कप्पे धोक्यात येतात. पूर्ण आभासी यंत्रात प्रत्येकाला वेगळा कर्नल मिळतो. भिंत जाड होते, पण मेमरीही जास्त लागते. रुग्णांच्या नोंदींसाठी मी तो खर्च रास्त समजतो.

आणि भिंतीला महत्त्व किती, हे दिल्लीच्या एम्समध्ये दिसले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथल्या ५ सर्व्हरवर हल्ला झाला, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि अनेक दिवस काम कागदावर चालले. नेटवर्कची विभागणी नीट नसल्याचे सरकारने संसदेत सांगितले. तिथे प्रश्न सर्व्हरच्या पोटातल्या कप्प्यांचा नव्हता, नेटवर्कचा होता. पण रोग तोच: एका खोलीत शिरलेल्याला पुढचे दार उघडे.

कप्पे पाडले म्हणून बॅकअपची गरज संपत नाही. डिस्क जळाली तर चारही कप्पे एकदम जातात. विहीर आटल्यावर पाळी कोणाची, याला अर्थ नसतो. नोंदींची एक प्रत दुसऱ्या इमारतीत, नेटवर्कपासून तोडून ठेवावी लागते. आणि ती प्रत खरोखर उघडते का, हे अधूनमधून उघडूनच पाहावे लागते.